भिंगरीचे सत्तेचाळीस दिवस

४ मे

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर तू माझं बोलणं मध्येच तोडतोस, म्हणून लिहितेय. आता गुमान शेवटपर्यंत वाच.

तू केलेला प्रोग्राम आमच्या शाळेत आलाय. अकरावीला विज्ञान शाखेत कुणाला घ्यायचं ते आता तो सांगतो, आणि त्यानं भिंगरीला लाल केलंय! भिंगरी म्हणजे दहावीतली ती पोर, जिचं कौतुक मी तुला दर पत्रात ऐकवते. साधं चालणं ठाऊक नाही, कायम पळत येते. गणितात वर्गात पहिली. आणि लाल म्हणजे काय, तर मध्येच शाळा सोडण्याचा संभव, म्हणून जागा नाही. तिची आई इस्पितळात रात्रपाळीची आया. ती कामावरच्याच कपड्यांत ऑफिसात माझ्या कारकुनी टेबलापाशी आली आणि माझ्या पोरीनं काय केलं, असं विचारत उभी राहिली. काय सांगू तिला?

दोघी दुसऱ्या शाळेत गेल्या, तर लाल यादी तिथे आधीच हजर. तिसऱ्या शाळेतही तेच. एका पोरीची गावभर बदनामी करायला तुम्हाला परवानगी कुणी दिली? तिला विचारलंत? आईला विचारलंत? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय. प्रवेश पंचवीस तारखेला बंद होतात.

लोभ आहेच. तो वाढवायचा की आटवायचा, ते तुझ्या उत्तरावर.

अक्का

९ मे

ती. अक्कास,

शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. पत्राचे चटके बसले. पण सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडू नकोस.

आमचा प्रोग्राम कुठल्या कंपनीनं कुलपात ठेवलेला नाही. तो खुला आहे. चाळीस शाळा तो मिळून वापरतात, त्यातला नियम न् नियम कुणालाही वाचता येतो, चूक दाखवता येते. तुमच्या गणिताच्या बाईंना वाचायला दे. नियम साधा आहे: वर्षात चाळीसच्या वर गैरहजेऱ्या झाल्या की लाल. तुझ्या भिंगरीच्या सत्तेचाळीस आहेत. त्या काय मी भरल्या? हजेरीपट तुझा, अक्षर तुझं, खाली सही तुझी. यादी बाहेर पाठवायचं बटणही तुमच्याच मुख्याध्यापकांनी दाबलं.

पोर एवढी हुशार आहे तर शाळेत का येत नाही, ते आधी तिला विचार. तुझ्या रागावर तुझा हक्क आहे, पण थोडा दुसरीकडेही वाट.

तुझा धाकटा

१३ मे

धाकट्या,

आशीर्वाद आज आखडते घेतलेत.

गणिताच्या बाईंनी तुझा कोड मला वाचून दाखवला. खुला आहे, मान्य. पण कुणाला खुला? भिंगरीच्या आईला ते दार कुठल्या दिशेला आहे, हे तरी माहीत आहे का? आणि चाळीसच का, पन्नास का नाही, ते बाईंना कुठेच सापडलं नाही. शेजारी तुझंच टिपण मात्र सापडलं: तूर्त चाळीस धरू, नंतर बघू. नंतर बघू! लाज नाही वाटली?

आता माझं ऐक. ते सत्तेचाळीस दिवस भिंगरी शाळेत होती. एकूण एक दिवस. आई रात्रपाळीवरून येईपर्यंत तान्ह्या भावाला एकटं टाकता येत नाही, म्हणून तिला दहा-पंधरा मिनिटं उशीर होतो. आमच्याकडे उशीर झाला की शिक्षेच्या वहीत नाव, पहिला तास मुख्याध्यापकांच्या दाराशी उभं राहायचं, आणि तीनदा झालं की आईला बोलावणं. गैरहजर मुलाला मात्र कुणी काही विचारत नाही. म्हणून मी तिला गैरहजर लावते आणि ऑफिसच्या मागच्या दारानं वर्गात सोडते. दया म्हणून केलं, पण खोटं ते खोटंच. उद्या शाळा समितीला तसं लेखी देतेय. निवृत्तीला चौदा महिने उरलेत, व्हायचं ते होऊ दे.

आणि हे मी पहिल्यांदा कुणासाठी केलं, आठवतंय? बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांची अंघोळ उरकून तू धापा टाकत यायचास. माझ्या नोकरीचं ते चौथंच वर्ष. मागचं दार विसरलास? तुझ्या दहावीचं पान मी जुन्या गठ्ठ्यातून काढलं. बावन्न गैरहजेऱ्या. घाल तुझ्या प्रोग्राममध्ये.

अक्का

१७ मे

ती. अक्का,

सा. न. माझ्या बावन्न गैरहजेऱ्या घातल्या. मीही लाल.

तू मला आत सोडायचीस, तेव्हा वहीत काय लिहीत असशील याचा मी कधी विचारच केला नव्हता. मला माझाच संताप आला. ते 'नंतर बघू' लिहिणाऱ्या हाताला कुणी तरी छडी मारायला हवी होती.

सोबत्यांशी दोन दिवस भांडलो आणि नियम बदलून घेतला. खुला आहे म्हणूनच तो चाळीसही शाळांत पोचला. आता नुसत्या आकड्यावरून कुणी लाल होणार नाही. शंका आली तर सगळी माहिती आधी मुलाला आणि घरच्यांना दाखवायची, त्यांचं म्हणणं तिथेच लिहायचं. त्यांच्या होकाराशिवाय शाळेबाहेर काहीही जाणार नाही. उशिरासाठी वेगळा रकाना केलाय, त्यात कारणही लिहायचं. त्या दोन शाळांना यादी चुकीची असल्याचं माझ्या सहीनं कळवलं. भिंगरीच्या आईची माफी मात्र समोर येऊनच मागेन.

बावीसला सकाळी आठला समितीपुढे तुझ्या शेजारी उभा राहतो. उशीर झालाच, तर या वेळी उशीरच लिही.

तुझा लाल धाकटा

१२ जून

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, मागचे आखडलेलेही यात धर. तू त्या दिवशी आठला पाच कमी असताना आलास, हे मी विसरणार नाही. भिंगरी विज्ञान शाखेत बसली.

हजेरीपट माझ्याकडून काढून घेतला. आता मी ऑफिसच्या कोपऱ्यात बसून ग्रंथालयाच्या पुस्तकांना कव्हरं घालते. अध्यक्षांनी मला अर्धा तास झापलं ते तू ऐकलंसच, आणि शिक्षेच्या वहीचं विचारल्यावर ते कसे घाईनं पुढच्या विषयावर गेले, तेही पाहिलंस. ती वही आता गुपचूप कपाटात गेलीय. चुकलं, असं कुणी म्हटलेलं नाही. माझा तो राग अजून उतरलेला नाही, उतरवायचाही नाही.

काल शाळेचा पहिला दिवस. भिंगरी बारा मिनिटं उशिरा, पळतच. सवयीनं मागच्या दाराशी आली, आणि सवयीनं मीही उठले. तेवढ्यात नव्या कारकुनानं तिला पुढच्या दारानं बोलावलं, कारण विचारलं आणि लिहिलं: उशिरा, आई रात्रपाळीवर होती, लहान भावाला सांभाळलं. मग तिला वर्गात पाठवलं.

एवढंच लिहायचं होतं रे. इतक्या वर्षांत मी कुणाचंच कारण लिहिलं नाही. तुझंसुद्धा.

अक्का