साहेब ‘प्लीज’ म्हणाला

३ फेब्रु. ९८
बाई गं! नोकरीचा दुसराच दिवस आणि साहेबाने सगळ्यांदेखत मला ‘नम्प्टी’ म्हटलं. शिपयार्डात जहाजदुरुस्तीचं वेळापत्रक करायचं असतं, त्यात एक पंप राहिला, एवढंच. साहेब स्कॉटलंडचा, मॅक नावाचा. शेजारच्या टेबलावरच्या मेलिंगला अर्थ विचारला. बावळट! पुण्यात कुणाची बिशाद नव्हती.

११ फेब्रु.
आज ‘ग्लेकिट’. म्हणजे आ वासून बघत बसणारी. बघत होते म्हणा. आभाळ भरून आलं की ‘ड्राइख’, म्हणजे कुंद, रडकी हवा. मेलिंग म्हणाली, “ही स्कोल्ड यू, ओके लाह. नो स्कोल्ड, यू डाय.” शिव्या आहेत तोवर नोकरी आहे म्हणे. काहीतरीच!

२ एप्रिल
शिरीषच्या कंपनीने गाशा गुंडाळला. नवरा भर दुपारी घरी. आता सगळी भिस्त माझ्या नोकरीवर. तीही गेली तर इथला चोआ चू कांगचा भाड्याचा फ्लॅट, मनूची शाळा... पुण्याला परतायच्या बॅगाच भरायच्या.

९ एप्रिल
परवा म्हाताऱ्या टॅनला साहेब “मिस्टर टॅन, प्लीज” म्हणाला. आज टॅनचं टेबल रिकामं. आमचे बाबा फार चिडले की मला ‘अहो विद्याताई’ म्हणायचे. त्यापेक्षा थोबाडीत परवडायची.

१७ एप्रिल
अरे देवा. “मिसेस जोशी, प्लीज, हे जरा बघता का?”
मला. मला म्हणाला. डबा तसाच परत आणला.

२० एप्रिल
मुद्दाम डॉकचा नंबर चुकीचा टाकला. म्हटलं, घाल मेल्या शिव्या! त्याने स्वतःच नीट केला, वर “थँक यू”. शिरीष म्हणतो, सुधारला असेल गं. डोंबल सुधारला!

२२ एप्रिल
केबिनमध्ये बोलावलं. “प्लीज, बसा.” बसलेच नाही. तोंडातून निघूनच गेलं, “साहेब, एकदा नम्प्टी म्हणा ना.” काय हे माझं! तो लालबुंद. उठून खिडकीशी गेला आणि पाठमोराच म्हणाला, “ड्राइख.”
बाहेर रणरणतं ऊन होतं.
तेवढ्यात त्याचा फोन वाजला, मला हातानेच जा म्हणाला. काढलं की ठेवलं, काही कळलं नाही. शिरीषला अजून बोलले नाहीये. मटकी भिजत घातली आहे. उद्याचा डबा तरी भरतेच.