माऊलीच्या माईकवर

६ जानेवारी २०२५

माऊली गेला! बँड सोडून गेला. आठ वर्षं एकत्र – आणि ग्रुपवर एवढंच: "मी थांबतो. घरी शेती बघायचीय. माझ्यासाठी अडून राहू नका." फोन केला, उचलला नाही. परत केला. चौथ्यांदा बंदच.

महिनाभर घसा धरलाय म्हणून प्रॅक्टिस टाळत होता. तेही मेसेजवरच. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं, याचं मन उडालंय. अल्बमचं वाजवायचं सगळं झालंय – इंद्रजीतची गिटार, राजनंदिनीचा कीबोर्ड, कृष्णाचे ड्रम्स, माझा बेस. फक्त गाणं राहिलंय. फक्त!

९ जानेवारी

राग जात नाही. शेती कसली बघतोय! गावाकडं पिशोरला तात्यासाहेब, म्हणजे त्याचे वडील, आयुष्यभर याच्या गाण्याला बोंबलणं म्हणाले. "अद्रकीला पाणी दे आधी, मग बोंबल." माझ्यासमोर म्हणालेत. आणि हा त्यांच्यासाठी आम्हाला सोडून गेला?

मेसेज टाकला – "भेकड आहेस तू." निळ्या टिका आल्या, म्हणजे वाचला. उत्तर नाही.

१९ जानेवारी

राजनंदिनीच्या सिडकोतल्या घरी वरच्या खोलीत बसलो चौघं. भिंतींना गाद्या लावून आम्हीच स्टुडिओ केलेली खोली. विषय एकच – कोण गाणार? इंद्रजीत म्हणाला, पुण्याहून कुणीतरी बोलवू. कृष्णा दिवसाला चार शब्द बोलतो. तो म्हणाला, "वरद गाईल की. मागून तर तोच गातोय इतकी वर्षं." सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मागून! खरंय. आठ वर्षं मी दुसरा आवाज. माऊलीच्या डाव्या हाताला, माऊलीच्या खालच्या सुरात. पोस्टरवर माझा अर्धा खांदा असतो.

हो म्हणालो. लई भीती वाटली आणि लई आनंद झाला. दोन्ही लिहून ठेवतो.

२ फेब्रुवारी

मला गाता येत नाही.

आमचा अल्बम 'आठवा दिवस' म्हणजे सहा गाण्यांत एकच गोष्ट – एक घर आठ दिवस नळाच्या पाण्याची वाट बघतं. आपल्या गावात हे कुणाला समजावून सांगायला नको. शेवटचं गाणं एकोणीस मिनिटांचं. सात मात्रा, मग पाच, मग परत सात. बेसवर बोटं आपोआप जातात. गायला लागलो की जीभ अडखळते. राजनंदिनीनं हेडफोन काढले. "वरद, सूर बरोबर आहे रे. पण बातम्या वाचल्यासारखं वाटतंय."

बातम्या!

२३ फेब्रुवारी

आज नळाला पाणी. गल्लीतल्या सगळ्या मोटारी सुरू, रेकॉर्डिंग बंद. पाण्यावरचा अल्बम पाण्यानंच अडवला. एरवी हसलो असतो.

९ मार्च

आज जमलं. कसं जमलं ते लिहायला लाज वाटते.

मोबाईलमध्ये जुन्या प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग होतं. वाळूजला जाता-येता कंपनीच्या बसमध्ये आठवडाभर तेच ऐकलं. माऊली ओळ उशिरा उचलतो. श्वास नको तिथं घेतो. शेवटचा शब्द सोडत नाही, घशात धरून ठेवतो. मी तसंच केलं. सगळं तसंच. राजनंदिनी ताडकन उठली – "हेच! हेच पाहिजे होतं!" इंद्रजीतनं मिठी मारली.

घरी येऊन आईला ऐकवलं. आई मेथी निवडत होती. म्हणाली, "माऊली परत आला का रे?"

जेवलो नाही.

२७ एप्रिल

सहाही गाणी झाली. बाहेर बेचाळीस डिग्री आणि पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. घसा सोलून निघालाय. माईकसमोर उभा राहिलो की दर वेळी वाटतं, सरक, ही जागा त्याची आहे. मग त्याचाच राग येतो. पाचवं गाणं त्या रागावरच गायलो. चांगलं झालंय. दुसरं कुणी म्हणत नाही तर मीच म्हणतो – चांगलं झालंय!

१५ जून

भांडण. इंद्रजीत म्हणतो, माऊली गेल्याचं इतक्यात सांगायचं नाही. "लोक त्याच्यासाठी येतात यार. आधी अल्बम ऐकू दे त्यांना, मग सांगू ना." कव्हरवर काय घालायचं ते तो लिहूनच घेऊन आला होता – 'गायन: बेसाल्ट'. बेसाल्ट म्हणजे आम्ही, आमचा बँड. म्हणजे गायलं कुणी? कुणीच नाही! मी म्हटलं, माझं नाव घाल. तो म्हणाला, "अल्बम आल्यावर एक महिना थांब फक्त." कृष्णा ड्रमच्या काड्या पिशवीत भरत बसला, मान वर केली नाही.

शेवटी मीच 'ठीक आहे' म्हणालो. का म्हणालो? मागं उभं राहायची सवय. दुसरं काय.

१ ऑगस्ट

आला अल्बम.

४ ऑगस्ट

कॉमेंट वाचू नयेत. वाचल्या. "माऊली काय गायलाय!" "माऊलीदादा, रडवलंत." "माऊलीचा आवाज आता पिकलाय." माझं नाव एकदाच – बेस छान वाजवलाय म्हणून.

इंद्रजीतला दाखवलं. म्हणाला, "म्हणजे चाललंय ना लोकांना!"

९ ऑगस्ट

मोनिकावहिनींचा मेसेज, माऊलीच्या बायकोचा. सात महिन्यांनी! "भाऊजी, घरी सगळे ऐकतायत. तात्या तर रोज सकाळी चहाच्या आधी लावतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून ऐकवतात."

वा रे वा! बोंबलणं म्हणणारे तात्या. आणि पोराच्या तोंडून एक शब्द निघत नाही, की मी नाही गायलो, वरद गायलाय. फुकटचं कौतुक बरं गोड लागतंय यांना. उत्तर दिलं नाही.

१७ ऑगस्ट

महिना व्हायची वाट बघितली नाही. कुणाला विचारलंही नाही. पोस्ट टाकली. इथं उतरवून ठेवतो:

"'आठवा दिवस'मध्ये माऊलीचा एक शब्दसुद्धा नाही. काम अर्ध्यावर टाकून तो जानेवारीतच पळून गेला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मी गायलोय. – वरद"

इंद्रजीतनं फोन करून शिव्या घातल्या. घाल म्हटलं. 'पळून गेला' हे तेवढं काढ, राजनंदिनी म्हणाली. नाही काढलं. खरंच आहे ते. छातीवरचं ओझं उतरलं. आठ वर्षांत पहिल्यांदा.

१८ ऑगस्ट

काय दिवस गेला! कॅन्टीनमध्ये लोक ताटावरून उठून हात मिळवायला आले. कृष्णाचा मेसेज – "लई भारी गायलास. आम्ही आधीच बोलायला पायजे होतं." आईनं शिरा केला. म्हणाली, मी ओळखलं नाही तेव्हा, चुकलंच माझं. फोनवर नुसता पाऊस पडतोय – वरद, वरद, वरद.

दुपारपासून माऊलीच्या नंबरवरून तीन मिस्ड कॉल. आता आठवण झाली का! झोंबलं असेल. बस म्हणावं वाट बघत.

२० ऑगस्ट

आज उचलला. "बोल ना आता," म्हटलं. पलीकडं नुसती खरखर. मग वहिनींनी फोन घेतला. "त्यांना बोलता येत नाही, भाऊजी. डिसेंबरपासून."

गळ्यात गाठ होती. तात्यासाहेबांनीच हट्ट धरला, काढूनच टाका. ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. माऊलीनं शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. तात्यांनी अन्न सोडल्यात जमा होतं – पोराचा गळा मी घालवला, एवढंच घोकत बसायचे. अल्बम आल्यावर माऊलीनं वहीत लिहून दाखवलं त्यांना – हे मी ऑपरेशनच्या आधीच गाऊन ठेवलंय. तेव्हापासून म्हातारा जेवत होता.

माझी पोस्ट गावातल्या कुणीतरी त्यांना वाचून दाखवली.

काय म्हणाले, विचारलं. वहिनी म्हणाल्या, फोन बाजूला ठेवला आणि एवढंच म्हणाले – "म्हणजे पोराचं गायचं राहूनच गेलं की."