वरून दुसरे बटण

दि. ९ फेब्रुवारी
तिसरीचा वर्ग, मधली सुट्टी

बाई,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र येऊन बारा दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला ते पुढे सांगतोच. त्याआधी माझ्यावर होत असलेल्या एका घोर अन्यायाकडे तुमचे लक्ष वेधणे भाग आहे.

माझ्याकडे सात शर्ट आहेत. सातांपैकी एकाही शर्टावर वरून दुसरे बटण मूळचे राहिलेले नाही. पहिले आहे, तिसरे आहे, कफांची तर जन्मठेप झाल्यासारखी जागच्या जागी आहेत. जाते ते दुसरेच. पांढऱ्या शर्टाला निळे, निळ्याला तपकिरी, आणि चौकटीच्या शर्टाला आमच्या घरातल्यांनी कुठल्याशा उशीच्या अभ्र्याचे एवढे थोरले बटण लावले आहे, की समोरच्याला वाटावे मला पदक मिळाले. मागच्या महिन्यात आणखी एक शर्ट पुढे केला तेव्हा त्या म्हणाल्या, "शाळेत शिकवता की कुस्ती खेळता?" मी म्हणालो, "अध्यापन हे एका परीने मल्लयुद्धच होय." त्यावर सुईदोरा माझ्या हाती आला. बावन्नाव्या वर्षी मी सुईत दोरा ओवायला शिकलो. पाठशाळेत संधिप्रकरण याहून लवकर डोक्यात शिरले होते.

आरोपी तुमच्या ओळखीची आहे. चिमटी. नावही तुम्हीच ठेवलेले, कारण काहीतरी चिमटीत धरल्याशिवाय तिला ऐकूच येत नाही, असे तुम्ही म्हणायचात. पूर्वी ती तुमच्या बाहीची कड धरायची. जूनमध्ये शाळा उघडली आणि ती कड आली नाही. पहिले तीन दिवस तिने बाक धरला, वही धरली, खिडकीचा गज धरला. चौथ्या दिवशी मी तिच्यावर वाकून पाढा म्हणत होतो, तेव्हा तिने माझे दुसरे बटण धरले आणि माझ्याबरोबर म्हणाली, "बे दुणे चार." पुढे मला सरळ उभे राहायचे होते. बटण तिच्याकडे राहिले.

बाकी वर्ग ठीक. एकेचाळीस मुले आहेत. नवा पंखा बसला आहे, तो फिरतो, वारा मात्र शेजारच्या वर्गाला लागतो. तुमची छोटी खुर्ची तिच्या बाकाशेजारी अजून आहे. जागा वाया जाऊ नये म्हणून मी तिच्यावर वह्या ठेवतो. चिमटी रोज सकाळी येऊन त्या वह्या एकेक करून खाली जमिनीवर ठेवते आणि खुर्ची मोकळी करते. मी पुन्हा ठेवतो. आम्ही दोघेही याबद्दल एकमेकांशी बोलत नाही.

तुम्ही आता दोन शाळांत अर्धा-अर्धा दिवस करता, आणि मधल्या वेळात बसथांब्यावर डबा खाता, असे लिहिले आहे. भोजनासाठी आसन स्थिर असावे, असे आमचे गुरुजी सांगत. बसथांब्याचे बाक सिमेंटचे असल्यास हरकत नसावी.

आणि तुम्ही तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला आहे. "शास्त्रीबुवा, तो तक्ता कोणी भरला, एवढं तरी शोधा."

घंटा झाली.

दि. ११ फेब्रुवारी

घंटा झाली होती हे खरे. पण ती रोजच होते, आणि तुमच्या प्रत्येक पत्राच्या त्याच ओळीशी आल्यावर मला ती ऐकू येते, हे माझ्या आता लक्षात येऊ लागले आहे. पहिल्या पत्राला मी पंख्याविषयी उत्तर दिले होते. दुसऱ्या पत्रात तुम्ही मुख्याध्यापिकांना पाषाणहृदयी म्हणालात, तेव्हा मी त्या शब्दाचा समास सोडवून पाठवला. तुम्हाला हसू आले असेल. त्या बिचाऱ्यांनी तक्त्यावर फक्त सही केली होती.

तक्ता मी भरला, बाई.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचे ते पंधरा दिवस तुम्ही सासूबाईंच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर होतात. चिमटीच्या मूल्यमापनाचा कागद शिक्षण खात्याच्या कार्यालयात जायचा होता, वर्गशिक्षक मी, म्हणून माझ्याकडे आला. डावीकडे कामे छापलेली: पाच ओळी वाचते, सूचना ऐकून कृती करते, गोंगाटात वर्गात बसते, असे काहीबाही. उजवीकडे दोन रकाने. 'स्वतः करते' आणि 'मदतीने करते'. मी एकेक काम डोळ्यांपुढे आणून पाहिले. पाच ओळी वाचताना तिला मी स्वतः पाहिले होते. तुम्ही शेजारी बसला होतात आणि ओळीखाली तुमचे बोट होते. बोट काही वाचत नव्हते, ती वाचत होती. मी 'स्वतः'मध्ये खूण केली. गाण्याच्या तासाला ती शेवटपर्यंत बसली. तुमचा हात तिच्या बाकावर होता. हात नुसताच होता. मी पुन्हा 'स्वतः'मध्ये खूण केली. अशा अकरापैकी नऊ खुणा झाल्या. दोन वर्षे तुम्ही माझ्या वर्गात माझ्या नाकासमोर काम केलेत, आणि ते इतके गुपचूप होते की मला ते काम आहे हेच दिसले नाही. मला वाटायचे, तुम्ही बसला आहात.

आणि खाली चार ओळी शेऱ्यासाठी होत्या. तिथे मी काव्य केले. 'विद्यार्थिनीची प्रगती डोळ्यांत भरणारी असून ती लवकरच स्वावलंबी होईल.' कवितेला कोणी पुरावा मागत नाही. कार्यालयाने मात्र ती शब्दशः वाचली. स्वतः करते, तर विशेष शिक्षिकेचे तास कशाला? तास गेले, तासांबरोबर तुम्ही.

आणखी एक राहिले. तिची आई आदल्या दिवशी दारात येऊन उभी होती. शिवणाच्या कारखान्यातून तशीच आलेली, गळ्यात टेप. म्हणाली, "सर, हिच्याबद्दल घरात जेवढे कागद आहेत ना, सगळ्यांवर नाही नाहीच लिहिलंय. डॉक्टरांचे, तपासणीचे. एक तरी कागद बरा लिहा." मी म्हणालो, "लिहू की." त्यात माझे काय जात होते? तिने त्या कागदाची प्रत प्लास्टिकच्या वेष्टणात घालून कपाटाच्या दारावर लावली आहे.

आता पुढचे. तुम्ही नुसते 'चिमटी कशी आहे' विचारता आणि मी 'मजेत' लिहितो, ते थांबवतो.

डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमीला ढोल आणला. तिने कानांवर हात धरले आणि ओरडायला लागली. चाळीस मिनिटे. मग सुटून पळाली. शोधली तेव्हा जिन्याखाली, जिथे मोडकी बाके टाकतात, तिथे भिंतीला पाठ लावून ओली होऊन बसली होती. तिथे तिच्याशेजारी, गुडघे दुखत असताना, धुळीत बसून कोण होते माहीत आहे? तुमच्या पाषाणहृदयी मुख्याध्यापिका. मला पाहून म्हणाल्या, "सर, मी बसलेय, पण पुढे काय करायचं असतं? मला कोणी कधी शिकवलंच नाही हो." मलाही नव्हते. तुम्हाला विचारून शिकायला दोन वर्षे होती, तेवढ्या काळात मी तुम्हाला चहाच्या वेळी संस्कृत विनोद सांगितले.

त्या संध्याकाळी मी नवा तक्ता भरला. सात खुणा 'मदतीने करते'मध्ये, आणि चार कामांपुढे 'मदत असूनही जमत नाही'. शेऱ्यात एकही विशेषण नाही. त्यावर पालकांची सही लागते. आईला बोलावले. तिने सगळे वाचले, सावकाश, बोट ठेवून.

"मागच्या वर्षी तुम्हीच लिहिलंत, ही वाचते म्हणून."

"हो."

"आता लिहिताय वाचत नाही. मग वर्षभर तुम्ही केलंत काय?"

"मागच्या वेळचं चुकलं होतं माझं. खोटं लिहिलं होतं."

"खोटं तेव्हा लिहिलंत, का आत्ता लिहिताय?"

मी पेनाचे टोपण काढले. ती म्हणाली, "सर, तो कागद मी तिच्या आजीला वाचून दाखवला होता. तिच्या मामाला फोनवर वाचून दाखवला. रोज कपाट उघडताना मी तो वाचते." मग तिने पेन मागितले आणि सही केली. जाताना दारात म्हणाली, "आधीचा काढायचा का कपाटावरून?" मी राहू द्या म्हणालो. पुन्हा गोडच बोललो.

तिचाच प्रश्न गेल्या आठवड्यात कार्यालयाने टंकलिखित करून विचारला. एकाच शिक्षकाच्या दोन तक्त्यांत विसंगती असल्याने दोन्ही ग्राह्य धरता येत नाहीत. पहिला चुकीचा होता असे मी सहीनिशी लिहून दिले होते, त्यावर त्यांचे म्हणणे असे, की ज्याचा एक तक्ता चुकतो त्याचा दुसराही चुकू शकतो. तर्कशास्त्र म्हणून पाहिले तर यात मला दोष काढता आला नाही. आता बाहेरचे तपासनीस येऊन तिला पाहतील. आमचा क्रमांक एकशे चौऱ्याऐंशी. महिन्याला नऊ-दहा मुले होतात. भागाकार मी केला. तपासनीस येतील तेव्हा ती पाचवीत असेल, आणि आपली शाळा चौथीपर्यंत.

जानेवारीत काही पालकांचे पत्र आले. सभ्य पत्र होते, शुद्धलेखनही बरे. आमच्या मुलांचे नुकसान होते, असे त्यात होते. मुख्याध्यापिकांनी आठवडाभर ते टेबलाच्या खणात ठेवले, मग मला बोलावून दाखवले आणि म्हणाल्या, "मधल्या सुट्टीपर्यंत बसू दे तिला. निदान तेवढं तरी टिकेल." मी हो म्हणालो. आता मधली सुट्टी झाली की बाकीची मुले डबे उघडतात आणि ती दप्तर भरते. आई कारखान्यातून तासाची सूट घेऊन येते. किती दिवस मिळेल सांगता येत नाही, असे म्हणाली.

परवा आईने येताना एक काचेची छोटी बाटली आणली. "दप्तराच्या आतल्या कप्प्यात सापडली, सर. तुमचीच दिसतात. धुऊन आणली." आत माझी बटणे. मोजली नाहीत, पण उशीच्या अभ्र्याच्या बटणाचा जोडीदारही त्यात होता. म्हणजे चौकटीच्या शर्टाचे दोनदा गेले होते आणि मला आठवतही नव्हते. ती म्हणाली, "द्या शर्ट कधी, एका दिवसात पक्की लावून देते सगळी. मशीनवर. मग नाही तुटायची." मी म्हणालो, "असू द्या." तिला वाटले संकोच करतोय.

मुळात हे पत्र मी तुम्हाला परत बोलावण्यासाठी लिहायला घेतले नव्हते. तुमच्या हातात ते नाही हे मला कळते. क्षमा मागण्यासाठीही नाही. ती मागायला मला शब्द कमी पडणार नाहीत, आणि नेमकी त्याचीच आता मला धास्ती वाटते. तुम्ही रागावा. दोन शाळांच्या मधल्या त्या बसथांब्यावर डबा उघडाल तेव्हा कोणावर रागवायचे, हे तुम्हाला नीट माहीत असावे, म्हणून लिहिले.

पण एक गोष्ट मी घरीही बोललेलो नाही. बटणांचा सगळा पाढा मी या पत्राच्या सुरुवातीला वाचला, तो जुना आहे. शेवटचे बटण तुटून सतरा दिवस झाले. निळ्या शर्टाचे बटण मी स्वतः लावले आहे, आणि माझे शिवणकाम काय लायकीचे आहे ते मी जाणतो; फुंकर मारली तरी यावे. ते जागच्या जागी आहे. मी तिच्या बाकाशी जातो, गरज नसताना वाकतो, गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहतो. पाढा म्हणतो. ती समोर बघते. दोन्ही हात मांडीवर असतात, बोटे उघडी. खुर्चीवरच्या वह्यांचे लिहिले तेही जुनेच; आता ती त्या खाली काढत नाही.

वर्गात सगळ्यांना वाटते, ती शांत झाली. एका सहशिक्षकाने येऊन माझे अभिनंदनही केले.

बाई, ती कशालाच धरत नाही. मला दुसरी कसलीही काळजी नाही, एवढीच आहे. तिने पुन्हा कधी हात पुढे केला तर समोर कोणीतरी हवे, आणि ती हात पुढे करेल असे मला वाटेनासे झाले आहे.

शास्त्रीबुवा ही पदवी परत पाठवत आहे.

तुमचा,
नऊ खुणा करणारा