सायकल कंपनीचे शेअर आणि राहतं घर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. दडपण कोणाचंही नाही. यजमान शेजारच्या खोलीत मोठ्या आवाजात बातम्या ऐकत आहेत, त्याला दडपण म्हणत नाहीत.

१. राहतं घर माझ्या एकटीच्या नावावर असून स्वकष्टार्जित आहे. माझ्या पश्चात ते मुलीला मिळावं. यजमानांना मात्र इथे तहहयात राहण्याचा हक्क राहील आणि त्यांची खिडकीजवळची खुर्ची कोणी हलवू नये. 'स्वकष्टार्जित' हा शब्द काहींना खुपेल, म्हणून हकिकत नोंदवते.

यजमान वर्तमानपत्रात शेअर बाजारावर लिहीत. लोक त्यांना तज्ज्ञ मानत. मुलगी लहान असताना त्यांनी लिहिलं, स्कूटरच्या जमान्यात सायकल कोण घेणार, सायकल कंपनीचे शेअर विकून मोकळे व्हा. इतर तज्ज्ञही तेच म्हणत होते. कंपनीवर कर्ज नव्हतं, कारखाना चालू होता, तरी शेअर मातीमोल झाला. मला वाटलं, घाबरणारे सगळे विकून बसले, आता आणखी विकणार कोण? आईने माझ्यासाठी ठेवलेले सगळे पैसे मी त्यात घातले आणि जेवताना सांगून टाकलं.

त्यांचा घास हातातच राहिला. "अगं, मी आजच पुन्हा छापून आणलंय विका म्हणून, आणि माझ्याच घरात खरेदी?"

"तुमचंच वाचून घेतले."

"ऑफिसात तोंड कसं दाखवू?"

"मी नाही सांगत कोणाला. तुम्हीही सांगू नका."

त्यांनी भावाला सांगितलं.

२. हे भाऊ म्हणजे माझे धाकटे दीर, शेअर दलाल. घरातल्या प्रत्येक कार्यात "आल्या आमच्या सायकलवाल्या वहिनी!" म्हणून चारचौघांना हसवायचे. भाव आणखी निम्म्यावर आला आणि बरीच वर्षं तिथेच पडून राहिला. माझी झोप उडाली होती. यजमान मात्र एकदाही "बघ, सांगत होतो" म्हणाले नाहीत. हे त्यांच्या नावे इथे जमा करते.

पुढे पेट्रोल महागलं, रस्ते तुंबले, डॉक्टर पेशंटना सायकल चालवा म्हणू लागले. कारखान्याला मागणी पुरवता येईना. मग तेच तज्ज्ञ लिहू लागले, घ्या. सगळे घेऊ लागले तेव्हा मी निम्मे विकले. त्याच वर्षी यजमानांचं वर्तमानपत्र बंद पडलं होतं आणि घरमालक खोली खाली करा म्हणून मागे लागला होता. त्या पैशांत हे घर झालं. रिकाम्या घरात किल्ली हातात धरून ते म्हणाले, "दारावर तुझं नाव लाव. माझं ऐकलं असतंस तर आज सामान घेऊन कुठे गेलो असतो?"

दीरही आले. "वहिनी, आता पुढे काय घेऊ?" मी म्हटलं, "चहा घ्या."

त्यांना माझी जुनी सायकल द्यावी, चाकांत हवा भरून. राग उरलेला नाही, पण सायकल द्यावीच.

३. उरलेले शेअर मुलीला. ठेवायचे की विकायचे, तिनेच ठरवावं. वडिलांचं मत जरूर विचारावं, त्यांना बरं वाटतं.

४. बँकेतली शिल्लक शाळेला, नव्या नकाशांसाठी. जगातून पुसले गेलेले देश भूगोलाच्या वर्गात अजून रंगीत टांगलेले आहेत.

५. हा मसुदा यजमानांनी वाचला, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि म्हणाले, "एवढी घाई कशाला? तुझ्या आधी मीच जाणार, लिहून देतो." त्यांचे अंदाज चुकतात, यावर मी आजवर सुखाने जगले. हाही चुकू दे.

मृत्युपत्र करणारी: भूगोलाच्या बाई (सही)

समक्ष साक्षीदार:
खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई (सही)
शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक (सही)

स्थळ: राहतं घर, जेवणाचं टेबल
दिनांक: ५ मार्च, शनिवार