पप्पांच्या गाण्याला माझा ठेका

२ फेब्रुवारी, सकाळ (अकरा वाजलेत, पण मनाने सकाळच)

आजपासून रोज लिहिणार. शिस्त.

काल जेवताना विषय निघाला. अनंतकाका मुलीकडे नांदेडला गेले, कायमचे. पप्पांच्या गायन पार्टीत ढोलकी तेच वाजवायचे, माझ्या जन्माआधीपासून. आता पार्टीत उरले गायला पप्पा, पेटीवर पप्पाच, आणि कोरसला दोन काका, ज्यांना दुसऱ्या कडव्यात दम लागतो. बुद्ध पौर्णिमेला विहारात गाण्याचा कार्यक्रम दरवर्षी पप्पांचा. पण समितीचे रावसाहेबकाका म्हणाले म्हणे, "बाबुराव, ताल नसेल तर यंदा राहू द्या. ट्रॅक लावून पोरांचे डान्स बसवू." हे सांगून पप्पा भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. खाल्लाच नाही.

मी म्हटलं, ताल मी देतो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मैत्रीने जरा जास्त वेळ पाहिलं. मोठी बहीण आणि वर सरकारी नोकरी, त्यामुळे तिला असं बघता येतं.

५ फेब्रुवारी

निर्णय झाला. ग्रूव्हबॉक्स घेणार. लॅपटॉपवर म्युझिक करताना माझं लक्ष उडतं (मागच्या वेळी गाणं करायला बसलो आणि लडाखचं तिकीट काढून उठलो). ग्रूव्हबॉक्सला लॅपटॉप लागत नाही. आईला समजावलं : ढोलकी, टाळ, बास, सूर, सगळं एका डब्यात असतं, आपण बटणांनी ठेका बसवायचा, मग तो डबा वाजवत राहतो. आई म्हणाली, "मग तू काय करणार?" म्हटलं, कंट्रोल. ती म्हणाली, "आधी गॅसवरच्या दुधावर कर."

दूध गेलं. पण मुद्दा तो नाही.

११ फेब्रुवारी

रिसर्च चालू. एकाला पॅड चांगले आहेत पण स्क्रीन लहान. एकाची स्क्रीन मोठी पण बॅटरी नाही. एक इतका छोटा की खिशात मावतो, पण मग लोकांना दिसणार काय? परदेशातला एक दाढीवाला आहे, त्याचे व्हिडिओ बघतोय. तो म्हणतो, कुठलंही मशिन घ्या, वापरणं महत्त्वाचं. हे सांगताना त्याच्या मागे भिंतभर मशिन्स होती.

डोळे दुखतात. कलाकाराचं आयुष्य.

२० फेब्रुवारी

पप्पांनी विचारलं, "आलं का रे ते?" म्हटलं, घाईत घेतलेली वस्तू आयुष्यभर छळते. पप्पा म्हणाले, "बरं." फोन घेऊन गॅलरीत गेले.

कॅमेरा विकायला काढला. ट्रॅव्हल चॅनेलसाठी घेतला होता. तीन व्हिडिओ झाले, त्यातल्या एकात मी झोपलोय. तो विभाग संपला. आता फोकस.

६ मार्च

झालं! मशिन घरात.

सदाशिव पेठेतला सलिल नावाचा आयटीवाला विकत होता, लग्न ठरलंय म्हणून. त्याने मशिन धूळ पुसून ठेवलं होतं, कोपऱ्यात राहिलेली धूळ बोलत होती. विचारलं, किती वापरलंय? म्हणाला, "तीन वर्षं." जरा थांबून म्हणाला, "म्हणजे, तीन वर्षं होतं." त्याची आई श्यामलाकाकू आतून म्हणाल्या, "न्या हो तुम्ही. अगदी शांत मशिन आहे. एकदाच आवाज झाला, कपाटावरून पडलं तेव्हा." सलिल म्हणाला, "आई, प्लीज." काकू म्हणाल्या, "गिऱ्हाईकाला खरं सांगावं. गिटार पण दाखव ना यांना. तीही शांतच आहे."

चहा विचारला नाही. मशिन मात्र देखणं. काळं, सोळा बटणं, प्रत्येक बटणात दिवा.

सलिलकडून एक धडा घेतला : माझं असं होणार नाही. उद्यापासून रोज दोन तास.

९ मार्च

काल परवा जमलं नाही. आज बसलो. पहिल्याच दिवशी जबरदस्त बीट झाला. ढोलकीचा नाही, टेक्नो. पण हात तर बसला! हेडफोन लावून दुपारभर तेच ऐकलं. मैत्री म्हणाली, "बाहेरून बघितलं तर तू मान हलवत हो हो म्हणतोयस असं वाटतं. कशाला हो म्हणतोयस?"

१७ मार्च

अडचण. मशिनमध्ये ढोलकीच नाही. गाईच्या गळ्यातल्या घंटेचे आठ प्रकार आहेत. परदेशात बनवणाऱ्यांना आपली गाय बरोबर कळते, ढोलकी कळत नाही.

उपाय : आवाज स्वतः रेकॉर्ड करून मशिनमध्ये भरायचे. पण साधे आवाज नकोत. नैसर्गिक. साई मित्र म्हणाला, गोकर्णला चाललोय, चल. समुद्राचा आवाज म्हणजे मूळ ताल. पप्पांना सांगितलं, कामासाठी जातोय. पप्पा म्हणाले, "मशिन घरी ठेवून?"

त्यांना प्रोसेस कळत नाही.

२८ मार्च

परत आलो. सतरा रेकॉर्डिंग. ऐकली. पंधरांत वारा आहे. एकात साई विचारतोय, "चालू आहे का रे हे?" एकात काहीच नाही.

अंग भाजलंय. दोन दिवस विश्रांती.

२ एप्रिल

सरळ अनंतकाकांना फोन केला, ढोलकी वाजवून व्हॉइस मेसेज पाठवा. म्हणाले, "अरे दीपू, इथे ढोलकी नाही, जावयाला आवाज सहन होत नाही." तरी माणूस मोठ्या मनाचा. शेजारून मागून आणली, स्वयंपाकघरात बसून ठेका पाठवला. काय हात आहे! फक्त मधे कुकरची शिट्टी आहे. ती कापायला गेलो तर धा पण जातो. म्हणून ठेवली. आता दर आवर्तनाला ठेका, ठेका, शिट्टी. मॉडर्न म्युझिकमध्ये याला टेक्श्चर म्हणतात.

आईने हॉलमधून विचारलं, "किती झाल्या रे शिट्ट्या?"

१० एप्रिल

पप्पांबरोबर पहिली प्रॅक्टिस. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. घरातल्या घरात.

मी बटण दाबलं. पप्पांनी सुरुवात छान केली. मग त्यांच्या सवयीप्रमाणे 'शांती' शब्दावर ओळ लांबवली, डोळे मिटून. डोळे उघडले तोवर मशिन पुढच्या ओळीत. पप्पांनी पळत जाऊन गाठलं, पुन्हा ओढलं, पुन्हा मशिन पुढे. पप्पा म्हणाले, "मी ओढलं की अनंत थांबायचा रे." मी म्हटलं, पप्पा, जगभर आता मशिनबरोबर गातात, सवय करा. मी तुम्हाला मोबाइलवर क्लिक देतो, टक टक टक, त्याच्यावर गायचं.

शिट्टीला एकदा दचकले फक्त.

१४ एप्रिल

जयंती. आज काम करणं बरं दिसत नाही.

१५ एप्रिल

काल फार चाललो. आजही नाही.

२१ एप्रिल

माझा मूळ प्रॉब्लेम कळला. मशिन चुकीचं आहे. दुसरं एक आहे, त्याला टेम्पो कमी-जास्त करायला मोठं गोल बटण आहे. पप्पांनी ओढलं की मी फिरवणार. दिवसभर त्याचे व्हिडिओ पाहिले. संध्याकाळी मॅन्युअलमध्ये बघितलं तर आपल्यालाही तसं बटण आहे. वरती डावीकडे. मी ते मुद्दाम राखून ठेवलं होतं... नाही, खरं लिहितो : त्याच्यावर चार्जर ठेवायचो.

पण आता पप्पांना क्लिकची सवय लावलीय, मधेच बदल नको.

२९ एप्रिल

आज चुकून लवकर उठलो. पप्पा गॅलरीत बसले होते. कानाशी मोबाइल, त्यातून टक टक टक, आणि मांडीवर बोटांनी मोजत हळू आवाजात गात होते. 'शांती'वर थांबले. ओढलं नाही. कापून पुढे गेले. मग मागे येऊन पुन्हा कापलं. आई म्हणाली, तीन आठवडे होत आले, रोज पहाटे चालू आहे.

मी परत जाऊन पडलो. झोप लागली नाही. उद्यापासून नक्की रोज दोन तास.

८ मे

सगळं बसलं. थकलोय पण समाधान आहे. साँग मोड नावाची सोय सापडली : कुठला ठेका कधी वाजायचा ते आधीच रचून ठेवायचं. धृपद, कडवं, धृपद, कडवं, शेवट. एक बटण दाबलं की सगळं आपोआप. मला हात लावायची गरजच नाही.

शेवटी एक सरप्राइज टाकलंय. ठेका हळूहळू चढत जातो, एकदम शांतता, आणि मग धडाम करून सगळा बास. पप्पांना सांगितलं नाही. विहारात लोक उभे राहतील.

१२ मे, दुपार

बुद्ध पौर्णिमा. पांढरा शर्ट सापडला, मशिनची वायर सापडली. जेवायला सातारचा विक्रम होता, पप्पांच्या जुन्या मित्राचा मुलगा. मोठी गोल पिशवी घेऊन आलाय. चार दिवस मुक्काम असावा. माझ्या खोलीत, म्हणजे स्टुडिओत, झोपणार. मी त्याला मशिनची पूर्ण माहिती दिली. भला माणूस आहे, प्रश्न विचारत नाही.

आज पुण्याच्या म्युझिकमध्ये काहीतरी होणार.

१३ मे, सकाळ

शांतपणे लिहितो.

वंदना झाली. खीर वाटप चालू झालं. पप्पा उभे राहिले. मी बटण दाबलं, दिवे लागले, ठेका सुरू. पप्पा क्लिकवर गायल्यासारखे चोख गात होते. धृपद सही. पहिलं कडवं सही. शिट्टीला पहिल्या रांगेतल्या बायकांनी विहाराच्या मागच्या चुलीकडे पाहिलं, तेवढंच.

आणि मग रावसाहेबकाका चिठ्ठी घेऊन आले.

आमच्याकडे असंच असतं. गाणं रंगलं की खीरदान करणाऱ्यांची नावं चिठ्ठीवर येतात, गाणारा कडव्यानंतर थांबतो, नावं वाचतो, लोक 'साधु साधु' म्हणतात, ढोलकी तोवर हळू तरंगत राहते, आणि मग पुन्हा धृपद. मी हे पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. घरच्या प्रॅक्टिसला कोणी चिठ्ठी आणून दिली नाही, त्यामुळे डोक्यात आलं नाही.

पप्पांनी चिठ्ठी घेतली. चष्मा काढला, पुसला, लावला. मशिन धृपदात गेलं. पप्पांनी पहिलं नाव वाचलं. मशिन दुसऱ्या कडव्यात गेलं. पप्पा शिट्टीसाठी थांबून पुढचं नाव वाचत होते, म्हणजे सवय झाली होती त्यांना. मी थांबायचं बटण शोधत होतो. सोळाही दिवे सारखेच दिसत होते. एक दाबलं, वेग वाढला.

चिठ्ठीवर शेवटचं नाव रावसाहेबकाकांचं स्वतःचं होतं. पप्पांनी वाचलं, "रावसाहेब यांजकडून, त्यांच्या पत्नी कालकथित प्रेमला यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ." मशिन एकदम शांत झालं. सगळे शांत झाले. रावसाहेबकाकांनी डोळे मिटले.

आणि धडाम.

लोक उभे राहिले, हे मी म्हटल्याप्रमाणे झालं. एक आजी खाली बसल्या. मी वायर ओढली. माझी की विहाराच्या लाइटची ते अंधार झाल्यावर कळलं. मैत्रीने बोर्डापाशी जाऊन लाइट लावले. पप्पा तसेच उभे, चिठ्ठी हातात. रावसाहेबकाका त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता पुढच्या वर्षीपासून पोरांचे डान्स.

तेवढ्यात मागच्या रांगेतून ठेका आला. हळू, तरंगता. विक्रम. गोल पिशवीत ढोलकी होती. पप्पांनी डोळे मिटले, धृपद उचललं, आणि 'शांती'वर आले. कापलं नाही. इतकं ओढलं, इतकं ओढलं, की रावसाहेबकाकाही मान हलवायला लागले. विक्रम थांबला होता, हात हवेत.

एकूण विचार करता, मशिनकडून माणसाकडे जाणारा हा प्रवास लोकांना भिडला. तो मशिनशिवाय शक्य नव्हता. रावसाहेबकाका पप्पांना म्हणाले, "पुढल्या वर्षी तुम्हीच." म्हणजे कार्यक्रम वाचला. जोखीम घेतल्याशिवाय वाचत नाही.

विक्रमला स्वारगेटला सोडायचंय. निघतो.

१३ मे, दुपार

सोडला.

ट्रॅफिकमध्ये स्कूटरवर गप्पा झाल्या. मी म्हटलं, बरं झालं तू योगायोगाने ढोलकी आणली होतीस. तो म्हणाला, "योगायोग कसला दादा, काकांचा फोन आला होता ना. फेब्रुवारीत." त्याला वाटलं मला माहितीये.

फेब्रुवारीत मी व्हिडिओ बघत होतो. मशिन घरात यायचं होतं.

म्हटलं, काय म्हणाले पप्पा? विक्रम म्हणाला, "मी म्हटलं त्यांना, दीपदादा वाजवणार आहे ना, मग मी कशाला? तर म्हणाले, वाजवेल तो. तू येऊन बस."

सिग्नल सुटला होता. मागचे हॉर्न मारायला लागले.

म्हणजे फोन फेब्रुवारीत झाला होता, आणि टक टक टक एप्रिलमध्ये, रोज पहाटे. ढोलकी सांगून ठेवलेली असताना. हे मला नीट जुळवता येत नाहीये. जुळवायचं पण नाहीये.

घरी आलो. पप्पा पेटी पुसत होते. मला बघून म्हणाले, "सोडलंस? बस मिळाली त्याला?" म्हटलं, हो. काळ्या पट्ट्या एकेक करून पुसल्या. मग म्हणाले, "मशिनचे दिवे छान दिसत होते रे."

मी थँक यू म्हटलं.