यीस्टला विरजण समजून

आई, आज दुपारी मीटिंग आहे. डबा उघडलासुद्धा नाही. कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून एका जुन्या रिपोर्टच्या कोऱ्या बाजूवर हे लिहितेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काळजी वाटली की अजून तुम्हालाच सांगावंसं वाटतं. माझ्या आईला काही सांगितलं की ती माझ्याहून जास्त घाबरते, आणि तुमचा मुलगा वाक्य पुरं व्हायच्या आत उपाय सुचवतो. तुम्ही यातलं काहीच केलं नसतंत. चष्मा कपाळावर चढवून 'मग?' एवढंच विचारलं असतंत. लग्नानंतर वर्षभर मला त्या 'मग'ची भीती वाटायची. आता तो ऐकायला मिळत नाही म्हणून जीव घाबरा होतो.

मी काय काम करते हे तुम्ही एकदाच नीट विचारलं होतंत, नारायण पेठेतल्या आपल्या स्वयंपाकघरात. शाळेत नेसायच्या सुती साड्यांसाठी तुम्ही गॅसवर खळ शिजवत होतात आणि मी शेजारी उभी राहून समजावत होते. पावात घालतात तेच यीस्ट, पण त्यात एका बुरशीचं जनुक बसवायचं, म्हणजे ते वाढता वाढता एक एन्झाइम तयार करून बाहेर सोडतं. गिरणीतून आलेल्या कोऱ्या कापडाला जी खळ असते ती या एन्झाइमने उतरते, कडक रसायनं वापरावी लागत नाहीत. तुम्ही पातेल्यातला डाव न थांबवता म्हणालात, "म्हणजे मी जन्मभर खळ घालणार आणि सूनबाई ती काढायचे कारखाने काढणार. चांगलं आहे." मग थोड्या वेळाने, "त्या यीस्टला काही मिळतं का यातलं?" मी हसले होते. साखर मिळते की, म्हणाले. आज मला तो प्रश्न हसण्यासारखा वाटत नाही, कारण माझी सगळी अडचण तिथेच आहे.

आमच्याकडे नियम साधा आहे. मूळ यीस्ट छोट्या छोट्या नळ्यांत भरून मायनस एटी डिग्रीच्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेलं असतं. दर खेपेला नवी नळी काढायची, फ्लास्कमध्ये वाढवायची, मग छोट्या टाकीत, मग मोठ्या. त्यात बरेच दिवस जातात. मध्यंतरी गिरणीवाले नमुन्यासाठी मागे लागले होते आणि एक टाकी इतकी सुंदर आली होती की मला ती ओतवेना. मी म्हटलं, यातलंच थोडं बाजूला ठेवा, पुढच्या टाकीला लावू. मग त्यातलं त्याच्या पुढच्या. कोणाला विचारलं नाही, कुठे नोंद करायला सांगितली नाही. यात काही वावगं आहे असं वाटलंच नाही, कारण घरी मी दुसरं काय केलं होतं? दही चांगलं लागलं की त्यातलं चमचाभर उद्यासाठी काढून ठेवायचं. तुमच्या हाताखाली मी हे इतकी वर्षं केलं की बोटांनाच सवय झाली होती.

पण यीस्ट म्हणजे विरजण नाही. एन्झाइम बनवणं हे त्या पेशींना ओझंच. एखादी पेशी ते जनुक टाकून देते, मोकळी होते आणि बाकीच्यांपेक्षा भराभर वाढते. टाकीतलं टाकीला लावत गेलं की दर खेपेला या कामचुकारांचीच संख्या वाढते. वरून काही कळत नाही. फेस तसाच, ताज्या कणकेसारखा वास तसाच, वाढ तर उलट जास्तच जोमदार. मी खूश होते. एन्झाइम मात्र कमी कमी होत गेलं आणि शेवटच्या टाकीत जवळपास उरलंच नाही. काल मी पिठाच्या थाळीवर ते यीस्ट पसरून वर आयोडीन ओतलं. सगळी थाळी निळी होते आणि जो ठिपका काम करतोय त्याच्याभोवतीच फिकट वर्तुळ उमटतं, कारण तिथलं पीठ त्याने खाल्लेलं असतं. वर्तुळं शोधावी लागली. उरलेले ठिपके बाहेरच्या कुठल्या यीस्टचे असतील म्हणून तेही तपासले. आपलेच निघाले. मी थाळीचे फोटो काढून ठेवले.

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. आमच्या सरांचं मत झालंय की टाकीत बाहेरचं यीस्ट घुसलं, म्हणजे नमुना काढताना व्हॉल्व्ह वाफेने निर्जंतुक करण्यात कोणीतरी हलगर्जीपणा केला. नमुने काढते ती विश्रांतवाडीहून येणारी मुलगी, कंत्राटावर आहे, आणि तिला कायम करायचं की नाही ते याच महिन्यात ठरायचंय. सकाळी ती माझ्या टेबलापाशी आली. "मॅम, मी दर वेळी व्हॉल्व्हला स्टीम दिली होती. खरंच. एकदा पण स्किप नाही केलं." मी म्हटलं, "माहितेय मला. बघू मीटिंगमध्ये." बघू! तिथल्या तिथे सांगून टाकता आलं असतं. तिचा चेहरा पाहून मला स्वतःचीच चीड आली, आणि तरी मी स्क्रीनकडे वळले.

तुमच्या शाळेतल्या बाई आपल्याकडे जेवायला आल्या होत्या, तो दिवस मला आठवतोय. दही बिघडलं होतं, तार सुटत होती, आणि मी ते साखर घालून कसं खपवता येईल याच्या विचारात होते. तुम्ही पानं मांडता मांडताच सगळ्यांना सांगून टाकलंत, "दह्याला हात लावू नका, विरजण बिघडलंय. कोशिंबीर घ्या." बस. सगळ्यांनी कोशिंबीर घेतली, मीच लाजेने लाल. दिवेलागणीनंतर विरजण कोणी देत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वाटी घेऊन शेजारी गेलात आणि उरलेलं सगळं दही मोरीत ओतून दिलंत. मी म्हटलं, अहो, तुमच्या सासूबाईंपासूनचं विरजण ना ते? "मग? बिघडलं," म्हणालात, आणि भांडं घासायला मला दिलंत. मला ते निर्दय वाटलं होतं. माझ्या विद्यापीठातल्या तोंडी परीक्षेच्या दिवशीही तुम्ही तशाच, "पास झालीस तरी घरी ये, नापास झालीस तरी घरी ये. वांग्याची भाजीच आहे." त्या दिवशी मात्र मी रिक्षात बसल्यावर रडले होते, आणि ते भीतीने नव्हतं.

बोलावतायत. मी जाते.

मीटिंग झाली. आता कंपनीच्या बसमध्ये आहे, अक्षर वेडंवाकडं येतंय. मी सांगितलं, आई. टाकीतलं टाकीला लावायला मीच सांगितलं होतं, थाळीचे फोटोही दाखवले. सर चिडले, "हे तुम्ही करावं?" असं दोनदा म्हणाले, आणि मग, "ठीक आहे, सगळं ओता, नवीन नळी काढा." एवढंच. ज्याच्यासाठी दिवसभर घास उतरला नव्हता ते इतक्यात आटोपलं. त्या मुलीचं नाव पुन्हा निघालं नाही. सगळ्यांना वाटतंय, मॅडमनी मोठेपणा दाखवला.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहवतंय. सरांनी मीटिंगच्या सुरुवातीलाच त्या मुलीला विचारलं होतं, "काय राहिलं तुझ्याकडून?" ती माझ्याकडे बघायला लागली. मला बोलायचंच होतं, तोंडही उघडलं होतं बहुतेक. पण मी अजून थोडं थांबले, आणि तेवढ्यात ती म्हणाली, "सॉरी सर, माझंच काहीतरी चुकलं असेल." मी तिला ते पूर्ण म्हणू दिलं. बोलले त्याच्यानंतर. आत्ता बसमध्ये चढताना ती माझा हात धरून थँक यू म्हणाली, आणि मी म्हटलं, "अगं, असू दे."