गंज चढेपर्यंत

कसबा बावडा,
१८ ऑक्टोबर २००२

ती. सौ. आक्कास,
आकारामचा शि. सा. नमस्कार.

श्रावणात आमचा कारखाना बंद झाला हे तुला माहीत आहे. चीनची प्लास्टिकची हातबॅटरी आली आणि दुकानदार आमची पितळी बॅटरी ठेवीनासे झाले. आता एक चांगली बातमी. बाहेरच्या मालामुळे ज्यांचं काम गेलं, त्यांना सरकार नवं काम शिकवणार आहे. शिकेपर्यंत घरखर्चालाही हातभार लावणार आहे. मी मोटार वाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं काम, मागितलं आहे. ते मिळालं तर बावडा सोडावा लागणार नाही. नाहीतर मेहुण्याबरोबर पुण्याला वॉचमन म्हणून जायचं, आणि अक्षता व तिची आई इथे एकट्या.

खंडेनवमीला मालकांनी किल्ली दिली. आम्ही जुने पाचजण गेलो. आमच्यातले सगळ्यात थोरले पिराजीमामा म्हणाले, कारखाना बंद असंल, खंडेनवमी बंद न्हाय. यंत्रं पुसली, तेल दिलं, हार घातले, नारळ फोडला. माझ्या लेथमध्ये तोंड दिसत होतं.

दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या अर्जाच्या तपासणीचे साहेब आले. लेथवर हात फिरवला, बोटाचं तेल बघितलं, काही लिहून घेतलं आणि चहा न घेता गेले. पिराजीमामा म्हणतात, साहेब खूश झाला की.

दाजींना नमस्कार. उत्तराला उशीर केलास तर आजऱ्याला येऊन बसेन.

तुझा
आकाराम


आजरा,
२ नोव्हेंबर २००२

चि. आकारामास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

साहेबाने चहा घेतला नाही हे वाचून मला बरं वाटलं नाही. खूश झालेला माणूस कोल्हापुरात चहा टाळत नाही.

तुझे दाजी बाजारातून चीनची बॅटरी घेऊन आले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. हलकी हाय, उजेड बी चांगला हाय, असं त्यांचं म्हणणं. मी तू दिलेलीच वापरते. तिचं झाकण सैल झालं आहे, रबर लावून चालवते.

आमच्या काजूच्या शेडमध्ये आता निम्मा काजू जहाजातून येतो, आफ्रिकेचा. त्यामुळे आम्हा बायकांना पावसाळ्यातही काम असतं. तो सोलताना तुझी आठवण येते. का, ते लिहीत नाही.

दिवाळीच्या फराळाला तुझी वाट बघेन. अक्षताला पापा.

तुझी
आक्का


कसबा बावडा,
१२ डिसेंबर २००२

ती. सौ. आक्कास,
शि. सा. नमस्कार.

तुझं खरं झालं. अर्ज नामंजूर. साहेबांनी लिहिलं आहे की यंत्रांना ताजं तेल आहे, जमीन झाडलेली आहे, त्या अर्थी कारखाना चालू असावा. मालकांनी सांगून पाहिलं. मालक असंच सांगतात, असं उत्तर मिळालं.

आम्ही कचेरीत गेलो. पिराजीमामांनी आवाज चढवून विचारलं, साहेब, तुमच्यात खंडेनवमी न्हाय व्हय? साहेब म्हणाले, आमच्यातही टेबलाला हार घालतात, पण आमचं टेबल कधी बंद पडत नाही. मग आम्ही हसलो आणि तेही हसले. माणूस वाईट नाही. पावसाळ्यात पुन्हा बघायला येईन, तोवर यंत्रांना हात लावू नका, असं त्यांनी सांगितलं.

तोवर मी साखरेची पोती उचलतो. हंगाम संपला की तेही काम संपेल.

राखणीसाठी किल्ली माझ्याकडे आहे. काल आत गेलो. लेथच्या कडेला तांबूस ठिपका दिसला. खिशातली चिंधी हातात आली होती. परत ठेवली.

तुझ्या दोन ओळी आल्या की इथे बरं चालतं.

आकाराम


आजरा,
५ जानेवारी २००३

चि. आकारामास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

किल्ली मालकांना परत दे. तुझा हात मला माहीत आहे. माझ्या लग्नात पंगत बसली होती आणि तू समई उतरवून पुसत होतास.

एक यंत्र गंजलं तर गंजू दे. अक्षताचा बाप पुण्याच्या कुठल्या तरी फाटकावर बसायला नको. गंज काही तुला चढवायचा नाही, पाऊस आला की तो आपणहून चढेल. तू फक्त काही करायचं नाहीस. ते तुला जड जाईल, म्हणून लिहिते.

जेवत जा. रागावलास तरी लिहीत जा.

तुझी
आक्का


कसबा बावडा,
१६ सप्टेंबर २००३

ती. सौ. आक्कास,
शि. सा. नमस्कार.

किल्ली तेव्हाच परत दिली. साहेब श्रावणात आले. मालकांनी दार उघडून दिलं, आम्ही पाचहीजण मागोमाग आत गेलो. आत सगळं लाल झालं होतं. माझं लेथ हाताने फिरेना. साहेबांनी बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, लिहिलं. या वेळी चहा घेतला.

जीप सुरू झाल्याचा आवाज आला आणि पिराजीमामांनी खिशातून चिंधी काढली. बघतो तर पाचहीजणांच्या खिशात चिंध्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मामांनी तर बाटलीतून रॉकेलही आणलं होतं. आम्ही घासायला लागलो. तेवढ्यात साहेब दारात. छत्री विसरले होते. आता सगळं गेलं, असं मला वाटलं, पण हात थांबला नाही. साहेबांनी सगळ्या यंत्रांवरून नजर फिरवली. मग मामांना म्हणाले, त्या कोपऱ्यातलं राहिलंय. आणि छत्री घेऊन गेले.

त्यानंतर महिनाभर वाट बघितली. परवा मंजुरी आली. पाचहीजणांची. सोमवारपासून वाइंडिंग शिकायला जातो.

गणपतीनंतर यंत्रं ट्रकमधून गेली. कुठे, ते विचारलं नाही.

आता खंडेनवमी येते. नवी हत्यारं शाळेची आहेत, अजून माझी झालेली नाहीत. म्हणून तुझ्याकडची बॅटरी पाठव. तिचं नळकांडं माझ्या लेथवरचं आहे. पाटावर ठेवीन, झाकण नीट बसवीन आणि दसऱ्यानंतर परत पाठवीन. तोवर दाजींची वापर. त्यांना सांग, मी रागावलेलो नाही.

तुझा
आकाराम